शिक्षकांना भेट काय द्यावी? कमी खर्चात, पण कामाला येईल अशी

शिक्षक दिन संपला की कुठल्याही स्टाफरूममधल्या टेबलावर साधारण एकच देखावा असतो. प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेले पंधरा-वीस गुलाब, तितकीच पेनं, 'बेस्ट टीचर' लिहिलेले चार-पाच मग आणि पेढ्यांचे डबे. गुलाब दुसऱ्या दिवशी माना टाकतात. ते 'बेस्ट टीचर'वाले मग कपाटात जातात आणि कपाट बदलेपर्यंत तिथेच राहतात. देणाऱ्याच्या मनात खोट नसते. घेणाऱ्याचा दिवस कसा जातो, त्याला दिवसभर कशाकशाला हात लावावा लागतो, याचा विचार झालेला नसतो इतकंच.

मूल पहिल्यांदाच शाळेत गेलेले किंवा पुण्यात नव्याने आलेले पालक ऑगस्टच्या शेवटी याच गोंधळात सापडतात. त्यांच्यासाठी निवडीची एक साधी कसोटी: भेट एक तर वापरून झिजणारी हवी, नाहीतर ती कागदाची हवी. खडू, शिक्का, पिशवी, चहाचा मसाला या गोष्टी वापरून झिजतात, संपतात. पत्र आणि हस्तलिखित (म्हणजे सगळ्या मुलांच्या चिठ्ठ्यांची शिवलेली वही) कागदाची असतात आणि घरातल्या ट्रंकेत वर्षानुवर्षं टिकतात. या दोन्हींत न बसणारं जवळजवळ सगळं धूळ खातं. पुढचं सगळं ही कसोटी धरूनच आहे आणि एका मुलामागे खर्च ५० रुपयांच्या वर जाऊ नये असा हिशेब आहे.

१. आधी शाळेला विचारा

महापालिका, जिल्हा परिषद, केंद्रीय विद्यालय यांसारख्या शाळांतल्या शिक्षकांना वर्तणुकीचे नियम लागू असतात आणि पालकांकडून किमती वस्तू घेणं त्यांना अडचणीचं ठरू शकतं. अनेक खाजगी शाळाही जूनच्या पालक सभेतच 'भेटवस्तू आणू नयेत' असं सांगून टाकतात. वर्गशिक्षकांनाच विचारलंत तर ते संकोचाने 'काही नको हो' म्हणणार, म्हणून शाळेच्या कार्यालयात विचारा. प्रश्न नेमका असू द्या: 'वर्गाने मिळून केलेलं हस्तलिखित आणि वर्गात वापरायची एखादी वस्तू चालेल का?' अशा प्रश्नाला बहुतेक ठिकाणी होकार मिळतो. वस्तू शिक्षकांच्या नावाने न देता वर्गाच्या नावाने दिली तर नियमाचा प्रश्न बराचसा सुटतो.

सोनं-चांदी, साडी, गिफ्ट कार्ड, पाकिटातले पैसे हे शाळा 'हो' म्हणाली तरी टाळा. पाचवीतल्या मुलाची चाचणी तपासायच्या आदल्या आठवड्यात त्याच मुलाच्या घरून साडी आली, तर बाईंनी करायचं काय?

२. तारीख ठरवा आणि उलटे दिवस मोजा

५ सप्टेंबर हा डॉ. सर्वपल्ली राधाकृष्णन यांचा जन्मदिवस. १९६२पासून तो शिक्षक दिन म्हणून पाळला जातो. पण आभार मानायला तोच दिवस गाठावा असं काही नाही. आषाढातली गुरुपौर्णिमा आहे, ३ जानेवारीची सावित्रीबाईंची जयंती आहे आणि वार्षिक परीक्षेनंतरचा शेवटचा दिवस आहे. ज्या शहरातल्या भिडे वाड्यात १८४८ साली मुलींची शाळा भरली, तिथे ३ जानेवारी खरं तर जास्त शोभून दिसते. त्या सुमाराला बाजारात गर्दी कमी असते आणि हवा कोरडी असते. कागद आणि डिंकाचं काम करणाऱ्यांना त्याचं महत्त्व लगेच कळेल.

५ सप्टेंबरच धरायचा असेल तर वेळापत्रक असं:

- २१ दिवस आधी: शाळेला विचारणं, काय द्यायचं ते ठरवणं. रोप द्यायचं असेल तर फांद्या पाण्यात लावणं. याला सर्वांत जास्त वेळ लागतो.
- १५ दिवस आधी: चिठ्ठ्या मुलांकडे पाठवणं, शिक्का करायला टाकणं.
- ८ दिवस आधी: चिठ्ठ्या परत आलेल्या हव्यात. चाळीसपैकी पाच-सहा कधीच वेळेवर येत नाहीत, म्हणून पालकांना सांगताना तारीख दोन दिवस अलीकडची सांगा.
- ४ दिवस आधी: बांधणी. हस्तलिखित एक रात्र वजनाखाली राहायला हवं.

गणपती कधी ऑगस्टच्या शेवटी येतात, कधी सप्टेंबरच्या मध्यावर. ते शिक्षक दिनाच्या आगेमागे आले की लक्ष्मी रस्ता, मंडई, तुळशीबाग या भागात पाय ठेवायला जागा नसते आणि फुलांचे भाव चढलेले असतात. पेठेतली सगळी खरेदी त्याआधीच उरकून घ्या.

३. काय-काय जवळ हवं

हस्तलिखितासाठी: १२० जीएसएमचे (जीएसएम हे कागदाच्या वजनाचं, पर्यायाने जाडीचं माप) ए-फोर कागद ६, साधे ८० जीएसएमचे १२, मुखपृष्ठाला एक जाड कार्डशीट, दाभण, गोधडी शिवायची सुई, जाड सुती दोरा, मेणबत्तीचा तुकडा, पोलादी पट्टी, कपडे वाळत घालायचे चार चिमटे, ग्लू स्टिक.

पिशवीसाठी: सव्वा मीटर दुसुती किंवा जाड मांजरपाट, ३६ इंच पन्ह्याचा.

कागदपत्रं म्हणाल तर फारशी लागत नाहीत. शाळेचा होकार लेखी किंवा निदान मेसेजवर असू द्या. टपाल खात्याच्या 'माय स्टॅम्प' सेवेतून शिक्षकांच्या फोटोचं तिकीट करून घ्यायचं असेल, तर भरलेला अर्ज, फोटो आणि ओळखपत्राची प्रत लागते. ही कल्पना निवृत्त होणाऱ्या सरांसाठी छान आहे, दरवर्षीच्या शिक्षक दिनाला मात्र जास्तच होते. पुण्यात त्यासाठी कॅम्पातल्या जीपीओत चौकशी करायची.

४. पत्र: एकच नेमकी गोष्ट

एकही रुपया खर्च करायचा नसेल तर इथेच थांबलात तरी चालेल. मात्र पत्र नीट लिहिलेलं हवं. 'तुम्ही खूप छान शिकवता, तुम्ही माझ्या आवडत्या बाई आहात' हे चाळीस जणांनी लिहिलं की चाळीस पत्रांचं एकच पत्र होतं.

मुलाला एकच प्रश्न विचारा: 'बाईंनी शिकवलेलं असं काय आहे, जे आधी कळत नव्हतं आणि नंतर कळलं?' उत्तर येईपर्यंत गप्प बसा. मग असं काहीतरी बाहेर येतं: 'सर, तुम्ही भाकरीचे तुकडे करून अपूर्णांक दाखवलेत तेव्हा मला कळलं की छेद सारखा का करायचा.' किंवा 'बाई, माझा डबा सांडला तेव्हा तुम्ही कोणाला हसू दिलं नाहीत.' तीन ओळी पुरतात. लिहिता न येणाऱ्या बालवाडीतल्या मुलाने सांगावं आणि मोठ्यांनी त्याच्याच शब्दांत उतरवून घ्यावं. वाक्यं सुधारू नका.

ऱ्हस्व-दीर्घाच्या चुकांचं काय? त्याही राहू द्या. मराठीच्या बाईंचा हात सवयीने लाल पेनाकडे जाईल, पण तेवढी करमणूक त्यांनाही हवीच.

पेन्सिल पुसट होते आणि जेल पेन पावसाळी हवेत हाताला लागून फरफटतं, म्हणून बॉलपेन वापरा. शिवाजीनगरच्या हातकागद संस्थेतला कागद वापरणार असाल तर आधी एका कोपऱ्यात लिहून बघा. काही हातकागदांवर शाईचं पेन फुटतं आणि अक्षराभोवती केस उगवल्यासारखे दिसतात. तिथेही बॉलपेनच बरं.

५. वर्गाचं हस्तलिखित

एक पत्र गहाळ होऊ शकतं. चाळीस चिठ्ठ्या शिवून त्यांची वही केली की ती सहसा हरवत नाही. झेरॉक्सच्या दुकानातून स्पायरल बांधणी करून घेणं सोपं आहे, पण मुलांनी डावीकडे समास सोडलेला नसतो आणि भोकं नेमकी 'बाई' या शब्दातून जातात. शिवलेली वही दिसतेही चांगली आणि दोन तासांत होते.

मापं: साध्या ए-फोर कागदातून १२ × ९ सेंटिमीटरच्या चार चिठ्ठ्या निघतात. म्हणजे चाळीस मुलांना दहा कागद. बिघडलेल्या चिठ्ठ्यांसाठी दोन जास्तीचे घ्या. वहीसाठी १२० जीएसएमचे सहा कागद मधोमध दुमडले की ए-फाइव्ह आकाराची २४ पानं होतात. एका पानावर दोन चिठ्ठ्या एकाखाली एक बसतात. वर, मध्ये आणि खाली एकेक सेंटिमीटर सुटतो आणि शिवणीच्या बाजूला दोन सेंटिमीटर मोकळे ठेवता येतात. चाळीस चिठ्ठ्यांना वीस पानं लागली. उरलेल्या चारांपैकी पहिल्यावर इयत्ता, तुकडी आणि वर्ष, शेवटच्यावर सगळ्यांची नावं आणि दोन कोरी.

आधी शिवायचं, मग चिकटवायचं. उलट केलंत तर दुमड नीट बसत नाही.

सहाही कागद एकेक करून दुमडा. दुमडीवरून पट्टीची कड किंवा स्टीलच्या चमच्याची पाठ दाबून फिरवा. मग एकात एक घाला, बाहेरून कार्डशीटचं मुखपृष्ठ घाला आणि चिमट्यांनी पकडा. दुमडीची लांबी २१ सेंटिमीटर. बरोबर मध्ये, १०.५ वर, एक खूण करा आणि दोन्ही टोकांपासून तीन-तीन सेंटिमीटरवर एकेक. वही उघडी ठेवून दाभणाने आतून बाहेर भोकं पाडा. खाली जुना टॉवेल ठेवा, नाहीतर टेबलाला भोकं पडतील.

दोरा साधारण ५५ सेंटिमीटर घ्या आणि मेणबत्तीवरून दोनदा ओढा. मेण लागलं की दोरा गुंतत नाही आणि गाठ सरकत नाही. सुई आतून मधल्या भोकातून बाहेर काढा, आत दहा सेंटिमीटर शेपूट राहू द्या. बाहेरून वरच्या भोकात घाला. आत आलेली सुई मधलं भोक ओलांडून थेट खालच्या भोकातून बाहेर काढा. बाहेरून परत मधल्या भोकात घालून आत आणा. आता दोन्ही टोकं आत आहेत आणि त्यांच्यामधून लांब टाका जातो आहे. एक टोक त्या टाक्याच्या डावीकडे, दुसरं उजवीकडे ठेवून दोरा दुमडीच्या दिशेने ताणा आणि दुहेरी गाठ मारा. दुमडीला आडवा ताणलात तर ओल्या हवेतला मऊ कागद भोकापाशी टरकन फाटतो. बहुतेक वह्या इथेच बिघडतात.

चिठ्ठ्या ग्लू स्टिकनेच चिकटवा. फेव्हिकॉलमध्ये पाणी असतं, कागद ते पितो आणि वाळताना पापडासारखा वळतो. चिकटवून झाल्यावर वही शिवणीपेक्षा मोकळ्या बाजूला जास्त जाड होते आणि तोंड उघडून बसते. चिठ्ठ्या जाड कागदाच्या घेतल्या तर हे आणखी वाढतं. म्हणून त्या ८० जीएसएमच्या. रात्रभर चार-पाच जाड पुस्तकांखाली ठेवा. देण्याआधी प्रत्येक पानाचा फोटो काढून घ्या.

६. शिक्का: सर्वांत उपयोगी, सर्वांत जास्त चुकणारा

प्राथमिकच्या बाई दिवसाला किती वेळा 'छान' लिहित असतील याचा हिशेब करा. चाळीस वह्या, दोन विषय, म्हणजे ऐंशी. आपोआप शाई लागणारा, म्हणजे सेल्फ इंक, १४ × ३८ मिलिमीटरचा शिक्का हे काम एका ठोक्यात करतो. शिक्के करणारी दुकानं पेठांत आणि न्यायालयाच्या आसपास सहज सापडतात. साधारण तीनशे रुपयांच्या घरात काम होतं. वर्गाच्या वर्गणीतून द्यायला याहून सरस वस्तू सहज सुचत नाही.

चुकतं ते मजकुरात. तीन गोष्टी सांभाळा.

पहिली, शब्द लहान आणि सुटसुटीत घ्या. 'उत्कृष्ट' हा शब्द या आकारात घातला की 'कृ'चा आकडा आणि 'ष्ट'चं पोट शाईने भरून जातं आणि महिन्याभरात तिथे नुसता काळा ठिपका उमटतो. 'छान!', 'शाब्बास!', 'वाहवा!', 'पुन्हा वाच' हे स्वच्छ उठतात. एका ओळीत दोन शब्दांपेक्षा जास्त नकोत.

दुसरी, तुम्ही मोबाइलवरून पाठवलेला मजकूर दुकानदार पुष्कळदा जुन्या पद्धतीच्या फाँटमध्ये नव्याने टाइप करतो. पुण्यातच तयार झालेली श्रीलिपी अजून अशा कितीतरी संगणकांवर आहे. तिच्यात काही खोट नाही, पण पुन्हा टाइप करताना रफार शेजारच्या अक्षरावर जातो किंवा वेलांटी, उकार बदलतात. 'पूर्ण'चं 'पुर्ण' झालेला शिक्का मराठीच्या शिक्षकांना देऊन बघा! कागदावर, खऱ्या मापात छापलेला नमुना मागा. पडद्यावर मोठं करून दाखवलेला चालणार नाही.

तिसरी गोष्ट 'ल' आणि 'श' यांची. बालभारतीच्या पुस्तकांत मुलं पाकळीचा ल आणि देठाचा श शिकतात. अनेक फाँट हिंदी वळणाचे ल आणि श देतात. तुम्हाला फरक जाणवणार नाही. पहिलीच्या बाईंना पहिल्या ठोक्यालाच जाणवेल, कारण तेच वळण गिरवून घेण्यात त्यांचं अर्धं वर्ष जातं. दुकानदाराला 'मराठी ल, मराठी श' असं सांगितलं की कळतं.

शाई हिरवी किंवा जांभळी घ्या. लाल नको, ती सरांच्या पेनात आहेच, आणि काळी मुलांच्या अक्षरात मिसळते. सोबत त्याच कंपनीची शाईची छोटी बाटली द्या. दुसरी शाई घातली की गादी खराब होते. शिक्षकांच्या सहीचा किंवा नावाचा शिक्का मात्र कधीही करू नका. त्याचा गैरवापर होऊ शकतो आणि शाळा तो परत करेल.

७. वह्या उचलणारी पिशवी

शंभर पानी वही दीडशे-दोनशे ग्रॅमची धरा. चाळीस वह्या म्हणजे सहा ते आठ किलो. बाजारातल्या शोभेच्या कापडी पिशव्यांचे बंद एवढ्या ओझ्याला आठवड्याभरात उसवतात. म्हणून शिंप्याकडून शिवून घ्या, किंवा घरी मशीन असेल तर स्वतः शिवा.

हे कापड आधी भिजवून वाळवा. मांजरपाट आणि दुसुती पहिल्या धुण्यात आटतात आणि शिवल्यानंतर आटली की पिशवी वाकडी होते. मग २० × ३९ इंचाचा एक सलग तुकडा कापा. दोन्ही तोंडांना एकेक इंच दुमड आणि तळाला पाच इंच रुंदी धरली की सोळा इंच उंच आणि चौदा इंच रुंद पिशवी तयार होते. तळ सलग राहतो, जोड येत नाही, आणि वजन नेमकं तिथेच बसतं. उरलेल्या पट्ट्यातून २४ × ४ इंचाचे दोन बंद निघतात. ते चौपदरी करून एक इंचाचे करा. प्रत्येक बंदाची टोकं पिशवीच्या तोंडापासून दोन इंच आत घेऊन जोडा आणि त्यावर चौकोनी शिवण घालून मध्ये फुली मारा. शिंप्याला 'चौकोन करून फुली मारा' एवढं सांगा, नाहीतर तो एक आडवी शिवण मारून मोकळा होईल.

कापडावर 'बेस्ट टीचर' छापून घेण्याचा मोह आवरा. साधी पिशवी बाई मंडईतही नेतील.

८. रोप आणि मसाला

रोपाचा खर्च शून्य, पण कोणतं द्यायचं ते बघून घ्या. वर्गात किंवा स्टाफरूममध्ये ठेवलेलं रोप दिवाळीच्या आणि मेच्या सुट्टीत पाण्यावाचून मरतं. तिथे फक्त स्नेक प्लांट किंवा झेडझेड तग धरतं. मनी प्लांट घरी नेण्यासाठी. पेराच्या खाली कापलेली १०-१५ सेंटिमीटरची फांदी घ्या, खालची पानं काढा, एखाद-दोन पेरं पाण्यात बुडतील अशी ठेवा आणि दर तीन-चार दिवसांनी पाणी बदला. तीनेक आठवड्यांत मुळं येतात. मग मातीत लावा आणि मातीतच द्या. काचेच्या बाटलीतलं पाण्यावरचं रोप दिसायला सुंदर असतं, पण पावसाळ्यात तेच पाणी डेंगीच्या डासांचं घर होतं आणि महापालिकेचे लोक घरोघर नेमकं तेच शोधत फिरत असतात.

बाईंकडे उन्हाची गॅलरी असेल तर गवती चहाचा ठोंब सगळ्यांत उत्तम. मोठ्या ठोंबातून मुळासकट चार-पाच काड्या वेगळ्या करून कुंडीत लावल्या की झालं.

खायचं काही द्यायचं तर पेढे नकोत. त्या दिवशी स्टाफरूममध्ये ते किलोने येतात आणि कोणाला मधुमेह आहे हे तुम्हाला ठाऊक नसतं. चहाचा मसाला चालतो. १०० ग्रॅमसाठी सुंठ ४०, वेलची २५, मिरी १५, दालचिनी १०, लवंग ५, जायफळ ५ ग्रॅम. खर्चातला मोठा वाटा वेलचीचा. जायफळ किसून बाजूला ठेवा. बाकीचं मंद आचेवर दोन मिनिटं फक्त गरम करा, भाजू नका. पूर्ण गार झाल्यावर दळून चाळा आणि किस त्यात मिसळा. गरम पूड बाटलीत भरली की झाकणाखाली वाफ धरते आणि सुंठीचे गोळे होतात. ५० ग्रॅमच्या दोन काचेच्या बरण्या भरतील. बरणीवर घटक, दळल्याची तारीख आणि 'दोन कपांना पाव चमचा' एवढं लिहा.

९. वर्गासाठी पुस्तकं किंवा मासिक

बालभारती १९७१पासून 'किशोर' मासिक काढते. वर्गाच्या नावाने वर्षाची वर्गणी भरली तर चाळीस मुलं ते वाचतात आणि बाईंना मोकळ्या तासाला हाताशी काहीतरी असतं. चौकशी सेनापती बापट रस्त्यावरच्या बालभारतीच्या कार्यालयात करा. पत्ता शाळेचा द्या आणि त्यात इयत्ता, तुकडी लिहा, नाहीतर अंक कार्यालयातच थांबतो. सुट्टे पुस्तक द्यायचं तर नॅशनल बुक ट्रस्टची मराठी चित्रपुस्तकं स्वस्त पडतात. आतल्या पानावर वर्गाचं नाव आणि वर्ष लिहा, किंमत खोडा.

१०. वर्गणी काढताना

४० मुलांचे प्रत्येकी २० रुपये म्हणजे ८०० रुपये. त्यात शिक्का, शाईची बाटली, हस्तलिखिताचं सामान आणि वर्ग झाडणाऱ्या मावशींसाठी मसाल्याची बरणी बसते. यापुढे जायची गरज नाही.

- रक्कम 'वीसपर्यंत, ऐच्छिक' अशीच सांगा. 'किमान शंभर' म्हटलं की ज्याला जड जातं तो पालक गप्प होतो.
- कोणी दिले, कोणी नाही याची यादी ग्रुपवर टाकू नका. पैसे भरल्याचे स्क्रीनशॉटही तिथे नकोत. एकाच पालकाने पैसे घ्यावेत आणि शेवटी फक्त एकूण जमा आणि खर्च सांगावा.
- हस्तलिखितात चिठ्ठी सगळ्यांची हवी. पैसे न दिलेल्या मुलाची चिठ्ठी वगळणं हा या सगळ्या प्रकारातला सर्वांत वाईट गुन्हा.
- उरलेल्या पैशांचे धूळ न उडणारे खडू किंवा फळ्याचे मार्कर घ्या. परत वाटत बसू नका.

११. पुण्यात खरेदी कुठे

कागद, कार्डशीट, ग्लू स्टिक आणि पुस्तकांसाठी अप्पा बळवंत चौक. बरीच दुकानं रविवारी बंद असतात, म्हणून शनिवारी सकाळी जा. खोके, फिती, काचेच्या बरण्या असलं बांधाबांधीचं सामान रविवार पेठेतल्या बोहरी आळीत. घाऊक घ्यायचं असेल तरच तिथे जा, दोन बरण्यांसाठी कोपऱ्यावरचं दुकान बरं. निवृत्त होणाऱ्या शिक्षकांसाठी सगळ्या तुकड्या मिळून काही टिकाऊ द्यायचं असेल तर कसबा पेठेतल्या तांबट आळीत मठाराचं, म्हणजे हातोडीने ठोके देऊन केलेलं काम असलेलं तांब्याचं छोटं भांडं मिळतं.

गाडी घेऊन जाऊ नका. सप्टेंबर २०२४ पासून भुयारी मेट्रो स्वारगेटपर्यंत जाते. मंडईला उतरलात तर बोहरी आळी आणि तुळशीबाग चालत, कसबा पेठेला उतरलात तर तांबट आळी चालत.

१२. द्यायची कशी

५ सप्टेंबरला अनेक शाळांत स्वयंशासन दिन असतो. नववी-दहावीची मुलं शिक्षक होऊन वर्ग घेतात आणि खरे शिक्षक कार्यक्रमात अडकलेले असतात. त्या गडबडीत दिलेली वस्तू कोणाची, हेच कळत नाही. एक दिवस आधी, पहिल्या तासाला, वर्गातल्या दोन मुलांच्या हातून द्या. एकट्याने काही द्यायचं असेल तर शाळा सुटल्यावर. गुंडाळायला खाकी कागद आणि सुतळी. वरून काही हवंच असेल तर जुनी ओढणी, कारण चकचकीत प्लॅस्टिक घरी जाऊन कचऱ्यातच पडणार आहे.

वर्ग झाडणाऱ्या मावशी, घंटा देणारे काका, व्हॅनचे काका यांना त्या दिवशी कोणी विचारत नाही. एक चिठ्ठी आणि मसाल्याची एक बरणी त्यांच्यासाठीही ठेवा.

भेट परत आली तर वाद घालू नका आणि 'एवढीशी तर आहे' असंही म्हणू नका. वस्तू परत घ्या, कार्यालयात विचारून ती वर्गाच्या कपाटासाठी देता येते का बघा. हस्तलिखित सहसा कोणी परत करत नाही.

१३. बदलून गेलेले, निवृत्त झालेले शिक्षक

यांच्यासाठी पोस्टकार्ड. पन्नास पैशांना मिळतं. टपाल कार्यालयात सुट्ट्या पैशांची अडचण असते म्हणून दहा एकदम घ्या. पत्ता शाळेच्या जुन्या कार्यालयीन कर्मचाऱ्यांकडे मिळतो, पण त्यांनी सरांना विचारल्याशिवाय तो मागू नका. तोवर शाळेच्या पत्त्यावर सरांचं नाव घालून पाठवलं तरी बहुधा पोचतं. मजकूर चौथ्या पायरीतलाच: एक नेमकी गोष्ट, तीन ओळी. खाली तुमचं पूर्ण नाव, दहावीचं वर्ष आणि तुकडी लिहा. लग्नानंतर आडनाव बदललं असेल तर शाळेतलं लिहा, सरांना तेच आठवतं. पिनकोड चौकटीत घाला आणि पावसाळा आहे म्हणून कार्ड पिशवीतल्या डब्याखाली न ठेवता वहीत ठेवून पेटीपर्यंत न्या.